सीडी प्लेअरची सुधारणा आणि श्रोत्यांचे कान

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीतील गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, कोजागिरीच्या मैफली आणि वास्तूच्या वर्गणीसाठी केलेली पायपीट यांचा वृत्तान्त या स्मरणिकेत इतरत्र यावयाचा आहे. आम्ही येथे सांगणार आहोत तो एका वादाचा इतिहास. स्वस्तातल्या सीडी प्लेअरचे झाकण उघडून आतले काही भाग बदलले, तर गाणे खरोखरच अधिक चांगले ऐकू येते काय, असा तो वाद. आमच्या रविवारच्या श्रवण-बैठकीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो वर्ष-दीड वर्ष चालला आणि त्यापायी दोन जुन्या स्नेह्यांत काही काळ अबोलाही धरला गेला. सुटीत दादरहून अथवा पुण्याहून जपून आणलेल्या चार तबकड्यांचे परमुलखात किती अप्रूप असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांस या अबोल्याचे नवल वाटू नये. पुढे सवडीने वाचन केले तेव्हा आम्हांस आढळले की हा वाद आमचा एकट्यांचा नव्हता, आणि सीडीच्या जन्माच्याही बराच आधीचा होता.

एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून सुमारे दहा वर्षे अमेरिकेतील गावोगावच्या नाट्यगृहांत ‘टोन टेस्ट’ नावाचे प्रयोग केले. गायिका रंगमंचावर यंत्राशेजारी उभी राहून गाऊ लागे. मध्येच ती ओठ मिटी आणि गाणे मात्र यंत्रातून पुढे चालू राही. कधी दिवे मालवले जात, आणि ते पुन्हा लागले की गायिका रंगमंचावर नाहीच असे श्रोत्यांस दिसे. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड या गायिकेसह असा प्रयोग झाला. खरा आवाज कोणता आणि यंत्राचा कोणता हे कोणासही सांगता आले नाही, असा डांगोरा कंपनीने पिटला. त्या काळच्या तबकड्या आज ऐकल्या तर लहान मूलही यंत्र ओळखील. मग तेव्हाचे श्रोते बहिरे होते काय? मुळीच नव्हते. या प्रयोगांत अनेकदा गायिलेल्या ॲना केस यांनी पुढे उतारवयात सांगितले की त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असत. परीक्षा कोण घेतो आणि कशी घेतो, यावर निकाल किती अवलंबून असतो याचे हे जुने उदाहरण आहे.

आता सीडीकडे येऊ. हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये तबकडीचे समान नियम ठरविले. तबकडी १२ सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर आवाजाची चढउतार सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहावयाची. आणि प्रत्येक मापन १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवावयाचे. ४४,१०० हा चमत्कारिक आकडा आला कोठून, असा प्रश्न आम्हांस फार दिवस पडला होता. त्याचे उत्तर व्हिडिओ टेपमध्ये आहे. त्या वेळी इतके आकडे साठविण्यास व्हिडिओची टेपच काय ती सोयीची होती. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० चित्रखंड, प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ ओळी आणि ओळीत तीन मापने, यांचा गुणाकार ४४,१०० येतो. युरोपच्या पद्धतीत ५० खंड, २९४ ओळी आणि तीन मापने यांचाही गुणाकार तोच. मनुष्यास फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येते आणि गणितानुसार त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मापने पुरतात. तेव्हा हा आकडा दोन्ही बाजूंनी सोयीचा ठरला.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानमध्ये १,६८,००० येन किमतीला विक्रीस आला. फिलिप्सचा पहिला प्लेअर सीडी-१०० हा होता. या दोन यंत्रांत एक मौजेचा भेद होता. फिलिप्सपाशी १४ बिटांचाच परिवर्तक तयार होता, आणि नियम तर १६ बिटांचा ठरला. तेव्हा त्यांच्या अभियंत्यांनी मापनांची गती चौपट करून गणिताच्या युक्तीने उरलेली कसर भरून काढली. सोनीने १६ बिटांचा परिवर्तक बसविला खरा, परंतु तो एकच. डाव्या आणि उजव्या बाजूचे काम तो आळीपाळीने करी. त्यामुळे एक बाजू दुसरीहून सेकंदाच्या सुमारे अकरा दशलक्षांश इतकी मागे राही. या दोषाविषयी त्या काळी पुष्कळ लिहिले गेले. पण तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम चार मिलिमीटर पुढे सरकतो. श्रोत्याने मान किंचित कलती केली तरी त्याहून मोठा फरक पडेल.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळा वाद तिच्याभोवती फिरतो. ग्रामोफोनची सुई खाचेतून फिरताना खाचेचा आकारच आवाज होतो. सुई झिजली, मोटर डगमगली की गाणे बिघडते. सीडीवरील लेझरचा किरण मात्र केवळ आकडे वाचतो. तबकडीवर ओरखडा आला तरी रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या आधारे गहाळ आकडे बहुतेक वेळा जसेच्या तसे परत मिळतात. म्हणजे तबकडी बरी असेल तर स्वस्त यंत्रातून निघणारे आकडे आणि महाग यंत्रातून निघणारे आकडे एकच असतात. भेद पडावयाचा तो त्यापुढे : आकड्यांची वीज करणारा परिवर्तक, तिच्यातील नको तो भाग गाळणारी चाळणी, बाहेर पाठविणारा लहानसा ॲम्प्लिफायर, त्या सर्वांना वीज देणारा विभाग आणि ताल धरणारे स्फटिकाचे घड्याळ. यंत्र सुधारणारा कारागीर हात घालतो तो याच पाच ठिकाणी.

सुधारण्याची हौस उगीच निर्माण झाली असेही नव्हे. प्रारंभीच्या अनेक सीडी कानाला कर्कश वाटत. त्यांपैकी काही लाँगप्लेसाठी मुद्दाम आवाज बदलून ठेवलेल्या टेपांवरूनच केलेल्या होत्या, हे पुष्कळांच्या ध्यानात आले नाही आणि दोष प्लेअरच्या माथी बसला. इंग्लंडमधील मेरिडियन या कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास फिलिप्सचेच यंत्र घेऊन, त्यातील विद्युन्मंडलात फेरफार करून, आपल्या नावाने अधिक किमतीस विकले. अमेरिकेत मॅग्नावॉक्स या नावाने विकली जाणारी फिलिप्सची स्वस्त यंत्रे हौशी मंडळींनी घरोघरी उघडली. त्यांचा गुरू वॉल्ट जुंग. त्याने आणि रिचर्ड मार्श याने १९८० मध्येच कपॅसिटरांच्या निवडीवर एक लेख लिहिला होता. कपॅसिटरच्या आतील द्रव्य थोडी वीज धरून ठेवते आणि मागाहून सोडते, हे त्यांनी उपकरणांनी मोजून दाखविले. पुढे जुंगने सामान्य यंत्रे टप्प्याटप्प्याने सुधारण्याची लेखमालाच चालविली. १९९० च्या दशकात मॅरँट्झ कंपनीच्या केन इशिवाता या जपानी तज्ज्ञाने तर कारखान्याच्या आतूनच हे काम केले : साधा सीडी-६३ घेऊन त्याची निवडक भागांनी भरलेली, तांब्याचा मुलामा दिलेल्या सांगाड्याची, स्वतःच्या सहीची आवृत्ती काढली. ती अतिशय गाजली.

याच ओघात काही नवलाईचे उपायही निघाले. १९९० च्या सुमारास सीडीच्या कडेला हिरव्या शाईच्या पेनाने रंग दिल्यास लेझरचा भरकटलेला प्रकाश शोषला जातो, असा समज पसरला आणि तशी खास पेने विकली गेली. वास्तविक हा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. आणि आकडे एकदा बरोबर वाचले गेले की कडेचा रंग काय करणार? तरीही ज्यांनी रंग दिला त्यांस फरक ऐकू आला. ते खोटे बोलत होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांस तो खरोखरच ऐकू आला होता, आणि हीच तर या विषयातील खरी गोम आहे.

अशा प्रसंगी निवाडा कसा करावा, याची रीत इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर याने १९३५ च्या आपल्या ग्रंथात चहाच्या पेल्यावरून घालून दिली. पेल्यात आधी दूध घातले की आधी चहा, हे आपण चवीने ओळखतो असे एक बाई म्हणतात. त्यांस आठ पेले द्यावेत, चार असे आणि चार तसे, क्रम न सांगता. केवळ अंदाजाने सर्व पेले बरोबर ओळखले जाण्याचा संभव सत्तरात एक. बाईंनी ते ओळखले तर त्यांच्या जिभेला मान द्यावा. ध्वनीच्या क्षेत्रात या रीतीला यंत्राचे रूप आले ते एबीएक्स नावाच्या पेटीने. अमेरिकेतील डेव्हिड क्लार्क याने १९८२ मध्ये तिच्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. ‘ए’ हे एक यंत्र, ‘बी’ हे दुसरे आणि ‘एक्स’ हे त्या दोहोंपैकी कोणते तरी. श्रोत्याने हवा तितका वेळ आलटून पालटून ऐकावे आणि ‘एक्स’ कोण ते सांगावे. सोळा वेळा विचारून बारा उत्तरे बरोबर आली, तर ते निव्वळ दैवाने घडण्याचा संभव शंभरात चारांहून कमी असतो.

या पेटीने भल्याभल्यांची पंचाईत केली. स्कॉटलंडच्या लिन कंपनीचे संस्थापक आयव्हर टीफेनब्रुन हे अंकीय ध्वनिमुद्रणाचे कडवे विरोधक. १९८४ मध्ये कॅनडात स्टॅन्ली लिपशिट्झ या प्राध्यापकाने त्यांच्या परवानगीने चाचणी घेतली. ग्रामोफोनमधून येणारे संगीत सोनीच्या एका अंकीय यंत्रातून फिरवून आणले तर ते ओळखू येते काय, एवढाच प्रश्न होता. टीफेनब्रुन यांस ते ओळखता आले नाही. १९८६ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने निरनिराळे सीडी प्लेअर याच पद्धतीने ताडून पाहिले. फरक सापडले ते थोडे आणि फार बारीक. सर्वांत मोठा हिशोब २००७ चा. बोस्टन येथील ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी अतिउच्च दर्जाच्या तबकड्यांचा आवाज सीडीच्या नियमांतून गाळून आणि न गाळता असा दोन्ही प्रकारे वर्षभर अनेकांस ऐकविला. ५५४ उत्तरांपैकी बरोबर आली २७६. नाणे उडविले असते तरी याहून निराळे काय झाले असते? आवाज प्रचंड वाढवून संगीतातील नि:शब्द जागी कान दिला, तेव्हाच सीडीची बारीक सरसर ऐकू आली.

घड्याळाच्या तालातील चुकीविषयीही असेच म्हणता येईल. डॉल्बी कंपनीतील बेंजामिन आणि गॅनन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, या कामासाठीच निवडलेल्या शुद्ध स्वरावर तीक्ष्ण कानाच्या श्रोत्यांस सुमारे दहा नॅनोसेकंदांची चूक ओळखू आली. संगीतात त्याहून मोठी लागली. बऱ्या अवस्थेतील साध्या प्लेअरची चूक बहुधा एक-दोन नॅनोसेकंदांच्या आतच असते. म्हणजे महाग घड्याळ बसविणारा मनुष्य जो दोष काढतो तो असतो खरा, मीटरवर दिसतोही. परंतु कानाच्या उंबरठ्याच्या पलीकडेच राहतो.

आता आमची हकीकत. बैठकीतील एक अभियंता स्नेही हाताने कुशल. त्यांनी आपल्या साध्या प्लेअरमधील ॲम्प्लिफायरची चकती आणि वाटेतील कपॅसिटर काढून परदेशाहून मागविलेले भाग डाखले. एका रविवारी सभागृहात सुधारलेले आणि न सुधारलेले अशी त्याच बनावटीची दोन यंत्रे शेजारी ठेवून किशोरीताईंची एकच तबकडी आलटून पालटून लावली. फरक सर्वांस जाणवला. तानपुरा भरदार, आवाज जवळ आल्यासारखा. आम्हीही तो ऐकला आणि मंडळाच्या पत्रकात चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या. त्यानंतर सहा-सात कुटुंबांनी आपापली यंत्रे त्यांच्या स्वाधीन केली. ते मजुरी घेत नसत. परंतु भागांचीच किंमत प्लेअरच्या निम्म्याने होई, आणि त्यात महिन्याच्या पगारावर चालणारी घरे होती.

शंका काढली ती एका वकील गृहस्थांनी. त्यांनी कोठूनसा एक मल्टिमीटर आणला आणि चाचणीच्या तबकडीवरील एकच स्वर दोन्ही यंत्रांतून वाजवून वीज मोजली. सुधारलेल्या यंत्राचा आवाज एक डेसिबलने मोठा भरला. भाग बदलताना एक रोधकही बदलला गेला होता. दोन ध्वनींत इतका लहान फरक असला की कानास तो ‘मोठा’ असा कळत नाही, ‘अधिक चांगला’ असा कळतो. म्हणूनच अशा चाचण्यांत दोन्ही आवाज डेसिबलच्या एक-दोन दशांशाच्या आत जुळवून घेतात. अभियंत्यांस हे रुचले नाही. “वकीलसाहेब, तुमचे मीटर गाणे ऐकते काय?” असे ते म्हणाले, आणि अबोला सुरू झाला तो त्या दिवसापासून.

दोन महिन्यांनी, पुष्कळ मनधरणीनंतर, पुन्हा बैठक भरली. रोधक जुळवून आवाज समान केला, यंत्रांपुढे चादर बांधली, आणि आत कोणते यंत्र लावावयाचे हे एका मुलाने दर वेळी नाणे उडवून ठरविले. त्यास बाहेर येऊन कोणाशी बोलण्याची मनाई होती. अभियंत्यांची सोळांपैकी नऊ उत्तरे बरोबर आली. आमची सात. वकीलसाहेबांनीही परीक्षा दिली, त्यांची आठ. एरवी एकमेकांच्या बोलण्यावर तुटून पडणारी मंडळी त्या दिवशी चहा मुकाट्याने प्याली. पत्रकातील त्या चार ओळींची दुरुस्ती मात्र आम्ही त्या वेळी छापली नाही. ती छापावयास हवी होती.

रसिकास असा पराभव मानवत नाही, याचे कारणही आहे. आपला कान खरोखरच सूक्ष्म असतो. तानपुऱ्याची जवारी केसभर हलली तरी बैठकीतील जाणता मान वर करतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची मापे तारांच्या लांबीवरून ठरविली, तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कानाचा आधार घेतला. जो कान श्रुती ओळखतो त्यास कपॅसिटर का ओळखू येऊ नये? आमच्या समजुतीने उत्तर असे, की श्रुतीचा फरक हवेत असतो, दोन्ही स्वर एकाच वेळी कानाशी असतात. एका यंत्राचा प्लग काढून दुसऱ्याचा लावीपर्यंत मात्र आवाजाची बारीक आठवण पुसली गेलेली असते आणि ती जागा मन भरून काढते. त्यात डोळ्यांस नवे, तेजस्वी भाग दिसलेले असले म्हणजे भरून काढण्यास साहित्यही मिळते.

आणखी एक विसंगती आम्हांस फार उशिरा उमगली. वाद ज्या तबकड्यांवर चाले त्यांपैकी अनेक जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरून केलेल्या होत्या. १९२५ च्या पूर्वी कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणात तीनेक हजार कंपनांच्या वर फारसे काही उमटतच नसे. खाँसाहेबांची १९३० च्या दशकातील विद्युत् पद्धतीची मुद्रणे त्याहून पुष्कळ चांगली, तरी पाच-सहा हजारांच्या आसपास तीही संपतात. २०,००० कंपनांपर्यंत सरळ रेषेत जाणाऱ्या यंत्राच्या शेवटच्या टोकाविषयी आम्ही भांडत होतो, आणि गाणे त्या टोकापासून कोसभर अलीकडे होते.

सुधारणेने काहीच होत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. सुधारणा वेगळी आणि दुरुस्ती वेगळी. जुन्या यंत्रातील कपॅसिटर वाळून गेला, एका बाजूचा आवाज पोचट झाला, डाख सुटला, तर नवा भाग घातल्यावर पडणारा फरक चादरीआडूनही ओळखू येतो. आमच्या अभियंत्यांकडे आलेल्या यंत्रांत एक तसे होते, आणि त्या घरची मंडळी शेवटपर्यंत त्यांच्या बाजूने भांडली, ती योग्यच होती. धुळीच्या दिवसांत लेझरच्या भिंगावर पडदा धरतो; तो मऊ कापसाने पुसला की अडखळणारी तबकडी सुरळीत चालते. लाऊडस्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढला किंवा उघड्या फरशीवर सतरंजी अंथरली, तर जो पालट होतो त्यास पेटीची वा नाण्याची गरजच पडत नाही. पण सतरंजी अंथरण्यात पराक्रम कसला! झाकण उघडून डाख देण्यात तो आहे, आणि ज्याने तो केला त्याच्या आनंदाला आम्ही नावे ठेवणार नाही.

अबोला पुढे गणपतीच्या दिवसांत आपोआप सुटला. वकीलसाहेब आता नाहीत. अभियंता स्नेही मुलाकडे पुण्यास गेले. जाताना त्यांनी तो पहिला सुधारलेला प्लेअर मंडळास दिला. तो आज ग्रंथालयाच्या कपाटात आहे. त्याचे डाखलेले भाग अद्याप शाबूत आहेत, पण लेझर थकल्यामुळे तबकडी ओळखत नाही. तो लेझरचा जोड आता जुन्या बाजारातच मिळाला तर मिळतो, आणि एका तरुण सभासदाने तो शोधून आणण्याचे अंगावर घेतले आहे.